विंचवांच्या सोयरिकी

ईवो कुतालेक वारला तेव्हा प्रशेरोवमधल्या त्याच्या घराच्या मागच्या खोलीत पन्नासेक विंचू होते, आणि त्यांतल्या एकालाही त्याच्या बायकोने कधी खायला घातलेलं नव्हतं. व्लास्ताबाई बालवाडीत मुख्य स्वयंपाकीण होत्या. दिवसभर पोरांसाठी सूप ढवळून घरी यायच्या, घरचा स्वयंपाक करायच्या आणि मागच्या खोलीच्या दारावर टकटक करून म्हणायच्या, "ईवो, जेवण निवतंय." दार मात्र उघडायच्या नाहीत. त्या खोलीत काय आहे हे त्यांना ठाऊक होतं, ते त्यांना आवडत नव्हतं, आणि त्या दाराच्या अलीकडे-पलीकडे त्यांचा तीस वर्षांचा संसार चांगला चालला होता.

ईवो गेला तो अचानक, स्टेशनच्या पायऱ्या चढताना. अंत्यविधीला आम्ही सगळे विंचूवाले आलो होतो. ओलोमोउत्सहून मी, ओस्त्रावाहून झ्बिनेक, ब्रनोहून इलोना, लाइपझिगहून एक जर्मन जोडपं. विधीनंतरच्या जेवणात सूप संपून गुलाश, म्हणजे मांसाचा दाट रस्सा, येत होता, तेवढ्यात झ्बिनेक व्लास्ताबाईंच्या कानाशी लागला.

"व्लास्ताबाई, त्या खोलीचा त्रास आता तुम्हाला कशाला? मी मोठी गाडी घेऊनच आलोय."

त्या ताटातला गुलाश ढवळत राहिल्या. मग जर्मन माणसाने मोडक्यातोडक्या भाषेत तेच विचारलं. मग टेबलाच्या दुसऱ्या टोकाकडून आणखी कुणीतरी. तेव्हा व्लास्ताबाईंनी चमचा खाली ठेवला आणि बालवाडीत दंगा करणाऱ्या पोरांना गप्प करायच्या आवाजात म्हणाल्या, "माझ्या नवऱ्याला जाऊन अजून चार दिवस झाले नाहीत आणि तुम्ही वाटण्या करताय? त्या खोलीतलं कुणी काही नेणार नाही. जेवा आणि आपापल्या घरी जा."

विचारायच्या रांगेत पुढचा नंबर माझा होता. त्या ओरडल्या म्हणून माझी अब्रू वाचली.

पंधरवड्याने त्यांचा मला फोन आला. "ल्युबोर, तू काही मागितलं नाहीस म्हणून तुला सांगते. ते जगतायत का मरतायत तेही मला कळत नाही. येऊन बघ."

मी दातांच्या कवळ्या बनवतो. हात बारीक कामाला सरावलेले, म्हणून ईवोनेच मला या नादाला लावलं होतं. गेलो तर खोलीत उबेचे दिवे नीट चालू होते आणि व्लास्ताबाई दारातच उभ्या होत्या, हातात बालवाडीतला मोठा चिमटा घेऊन. पाणी कसं शिंपडायचं, झुरळ किती दिवसांनी टाकायचं, विंचू बिळाच्या तोंडाशी येऊन ताठ उभा राहिला म्हणजे काय समजायचं, हे मी दाखवत गेलो. त्या एकदाच ऐकायच्या. दुसऱ्यांदा विचारलं असं मला आठवत नाही.

मागच्या रांगेपाशी आलो. तिथे चपटे होते. आफ्रिकेच्या दक्षिणेकडच्या डोंगरांत, खडकाच्या चिरेत राहणारे काळेभोर विंचू. अंग असं चपटं, की दोन पुस्तकांच्या मधे ठेवून दाबलेत वाटावं. तळहाताएवढे मोठे, पण गरीब स्वभावाचे. नांगी मारायचा कंटाळा करतात. ते बाहेरून यायचे कधीच बंद झाले होते. युरोपात जे कुणाकुणाच्या घरी उरले होते, तेवढेच.

"हे वाढायला फार हळू," मी म्हणालो. "मादी वयात यायला सहा-सात वर्षं लागतात. मग पोटुशी राहिली तर दीड वर्ष वाट बघायची. ईवोकडे या चार माद्या आहेत. ही कोपऱ्यातली सगळ्यांत म्हातारी. नर नाही."

"मग नर कुणाकडे आहेत?"

"झ्बिनेककडे एक आहे. लाइपझिगला दोन असावेत."

"आणि त्यांच्याकडे माद्या?"

"नाहीत. माद्या इलोनाकडे दोन, माझ्याकडे एक."

"म्हणजे प्रत्येकाकडे अर्धं अर्धं आहे."

"हो."

"आणि तुम्ही सगळे दर शरदात एकत्र बसून बियर पिता."

"हो."

"गाढव आहात सगळे," व्लास्ताबाई म्हणाल्या आणि चहा टाकायला निघून गेल्या.

त्या चहानंतर जे सुरू झालं ते शेवटपर्यंत थांबलं नाही. दर रविवारी दुपारी जेवणाची भांडी आवरली की त्या स्वयंपाकघरातल्या फोनपाशी बसायच्या. कुणाचा नर कधी शेवटची कात टाकणार, कुणाची मादी फिक्कट पडलीय, कुणाच्या घरात हिवाळ्यात ऊब पुरत नाही, कोण सुट्टीवर गेला की झुरळं कोण टाकणार. विंचवांबद्दल त्यांना काडीचं प्रेम नव्हतं. मी एकदा विचारलं, तर म्हणाल्या, "मला ते अजूनही किळसवाणेच वाटतात. पण घरात वाढलेलं पोर उपाशी ठेवायचं नसतं, आणि उपवर झालं की स्थळ बघायचं असतं. त्याला आवडायला कशाला पाहिजे?"

आमच्या लोकांची खोड त्यांनी लवकरच ओळखली. विंचू पाळणारा माणूस एकटा असतो, आपल्याकडे जे आहे ते दुसऱ्याकडे नाही याच आनंदावर जगतो, आणि जनावर मेलं तर सांगत नाही. लाज वाटते. लोक हसतील, पुढच्या वेळी देणार नाहीत. म्हणून मेलेला विंचू वर्ष-वर्ष गप्पांमध्ये जिवंत असतो आणि दुसरा कुणी त्याच्या भरवशावर आपली मादी सांभाळत बसतो. व्लास्ताबाईंनी सगळ्यांना एकच अट घातली. जनावर मेलं तर त्याच दिवशी कळवायचं. मेल्याबद्दल त्या कुणाला एक शब्द बोलणार नाहीत.

झ्बिनेकला ते जमलं नाही. इलोना त्याच्या नराची वाट बघत होती. फेब्रुवारीत व्लास्ताबाईंनी त्याला नराचा ताजा फोटो पाठवायला सांगितला. फोटो आला. त्यांनी चष्मा लावून पाहिला आणि फोन उचलला. मी त्या दिवशी समोरच बसलो होतो.

"झ्बिनेक, तुझ्या खिडकीत जिरेनियम फार छान फुललाय."

"हो का? धन्यवाद हं."

"फेब्रुवारीत?"

त्यांनी तो जुना फोटो टेबलावर पालथा ठेवला.

"मेला का रे?"

"मेला."

"कधी?"

"मागच्या उन्हाळ्यात. व्लास्ताबाई, मी सांगणारच होतो. दिवा बिघडला, मी कामावर होतो, घरी येऊन बघतो तर—"

"मेला त्याबद्दल मी काही म्हणत नाहीये. दिवे बिघडतात. पण त्या इलोनाला तू आशेवर ठेवलंस. आत्ता तिला फोन कर. मी अर्ध्या तासाने तिला विचारेन."

झ्बिनेकने फोन केला. त्यानंतर तो व्लास्ताबाईंना घाबरायचा, आणि त्यांच्यासाठी वाट्टेल तिथे गाडी घेऊन जायचा.

पण नर गेला तो गेलाच. लाइपझिगच्या दोघांतला एक आधीच म्हातारा होऊन संपला होता. दुसरा नर म्हणून ठेवलेला, तो वाढल्यावर मादी निघाला. आठ माद्या आणि नर एकही नाही, अशी गत झाली. नर कुठे असतील तर ते एकाच ठिकाणी, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. व्सेतीनच्या वर, डोंगरातल्या एका वाडीत हीनेक ओर्साग नावाचा म्हातारा राहायचा. लाकूडकटाईच्या कामावरून निवृत्त झालेला. त्याच्याकडे चपट्यांचा वेगळा वंश होता, आफ्रिकेतल्या दुसऱ्याच डोंगरातून आलेला. पण तो कुणाशी बोलत नसे, बैठकीला येत नसे, दार उघडत नसे. का, ते कुणाला माहीत नव्हतं. म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय, एवढंच आम्ही एकमेकांना सांगायचो. सोपं उत्तर होतं, म्हणून खरं मानलं होतं.

व्लास्ताबाईंनी फोन केला. कुतालेक हे नाव ऐकताच त्याने फोन ठेवला. पुन्हा केला, पुन्हा ठेवला. तेव्हा त्या मला म्हणाल्या, "शनिवारी गाडी काढ."

मार्चचा महिना होता, खाली चिखल आणि वर डोंगरात अजून बर्फ. हीनेकचं घर लाकडी ओंडक्यांचं, बुटकं, जंगलाच्या कडेला. त्याने दार हातभर उघडलं.

"कोण?"

"व्लास्ता कुतालेकोवा. ईवो कुतालेकची बायको."

दार बंद झालं. व्लास्ताबाई वळल्या, भिंतीशी रचलेल्या सरपणाच्या ढिगावरचा बर्फ हाताने झाडला आणि त्यावर बसल्या. मी म्हटलं, चला, नाही म्हणतोय तो. त्या म्हणाल्या, "तू गाडीत बस. तुझे बूट ओले होतायत." मी गाडीत बसलो नाही, त्यांच्याशेजारी उभं राहून पाय आपटत राहिलो. बऱ्याच वेळाने दार पुन्हा उघडलं.

"थंडीने इथे मेलात तर पोलीस मला विचारायला येतील," म्हातारा म्हणाला. "आत या."

आत चूल पेटलेली होती. त्याने आमच्यापुढे आलुबुखारच्या दारूचे दोन पेले ठेवले, स्वतःसाठी काही घेतलं नाही, आणि उभाच राहिला.

"बोला. नर मागायला आलात ना? तुमचे यजमानही असेच आले होते. याच खुर्चीत बसले होते."

"ईवो इथे आला होता?"

"त्या हिवाळ्यात माझा बॉयलर फुटला होता. मादी पोटुशी होती. आफ्रिकेच्या डोंगरातून आलेली, घरात जन्मलेली नव्हे. इथे गारठून मेली असती. तुमचे यजमान म्हणाले, आमच्याकडे ऊब चांगली आहे, वसंतापर्यंत मी सांभाळतो, पिल्लं झाली तर निम्मी निम्मी. मी दिली. कोटाच्या आत छातीशी धरून नेली त्यांनी. मला फार बरं वाटलं होतं ते बघून."

तो चुलीकडे वळला, एक लाकूड आत सारलं.

"एप्रिलमध्ये आले. म्हणाले, मेली, पिल्लं झालीच नाहीत. वाळलेला देह आणला होता, कापसात गुंडाळून. टोपी काढून उभे राहिले माझ्यासमोर. गेल्यावर मी कापूस उलगडून पाहिलं. माझ्या मादीच्या उजव्या पंज्याचं बोट मोडलेलं होतं. ही दोन्ही पंज्यांनी धड. दुसरीच कुठली मेलेली आणली होती. दोन वर्षांनी ऐकलं, कुतालेककडे चपट्यांची पिल्लं आहेत. सगळे त्यांचं कौतुक करत होते."

मी व्लास्ताबाईंकडे पाहिलं नाही. पाहायची गरज नव्हती. त्या आणि मी, दोघांनीही ती मादी शेकडो वेळा पाहिली होती. कोपऱ्यातली, सगळ्यांत म्हातारी.

"उजवा पंजा," व्लास्ताबाई म्हणाल्या. "वरचं बोट, अर्ध्यावर."

हीनेक वळला.

"ती जिवंत आहे," त्या म्हणाल्या. "परवा मी तिला झुरळ दिलं."

म्हातारा पहिल्यांदाच खुर्चीत बसला. मग त्याने व्लास्ताबाईंसमोरचा पेला उचलला आणि एका घोटात पिऊन टाकला.

उतरताना गाडीत व्लास्ताबाई खिडकीबाहेर बघत होत्या. ह्रानित्से गाव मागे पडल्यावर बोलल्या. "एकदा तो जेवायला आला ना, तर हात धुतानाच म्हणाला, व्लास्ता, आज पिल्लं झाली. मी काही विचारलं नाही. पण मला आनंद झाला होता. त्या दिवशी मी खसखशीचे कोलाचे, गोड पाव, केले. त्याने चार खाल्ले."

पुढच्या शनिवारी त्यांनी चारही चपट्या माद्या थर्मोकोलच्या पेटीत भरल्या, गरम पाण्याच्या बाटल्या कडेने लावल्या. मी विरोध केला. सगळं एकाच घरात ठेवायचं नाही, हे त्यांचंच म्हणणं होतं. एका म्हाताऱ्याच्या लाकडी घरात चार माद्या आणि सगळे नर. एक ठिणगी पडली तर वंश संपला.

"माहीत आहे," त्या म्हणाल्या. "आधी त्याचं त्याला परत जाऊ दे. मग बाकीचं."

हीनेकने म्हातारीचा डबा उघडला, चष्मा कपाळावर चढवला आणि डोळे अगदी जवळ नेऊन पाहत राहिला. मादीने पंजे थोडे उचलले, मोडका उजवाही, आणि पुन्हा खाली ठेवले.

"जाड झालीय," तो म्हणाला. "चांगली ठेवलीय. ते मान्य करायला हवं."

बाकीच्या तिघी त्या म्हातारीच्याच लेकी. त्याने एकेकीला पाहिलं आणि दोन डबे व्लास्ताबाईंकडे सरकवले.

"या परत न्या. मी एकाहत्तरचा आहे, मला दिसतं कमी. एक इथे राहू दे, नराजवळ. आणि अहो-जाहो पुरे आता. तू थंडीत सरपणावर बसलीस तेव्हाच ते संपलं."

नर त्याच दुपारी सोडला. पडदे ओढून खोली अंधारी केली, निळा दिवा लावला, आणि त्या उजेडात दोन्ही विंचू हिरवट उजळले, जसे ते नेहमी उजळतात. नराची शेपूट दोरीसारखी लांब. तो मादीसमोर थरथरला, मग हळूच पुढे होऊन त्याने तिचे दोन्ही पंजे आपल्या पंज्यांत धरले. मग सुरू झालं ते चालणं. तो मागे, ती पुढे. तो बाजूला, ती त्याच्याबरोबर. हीनेकने जुन्या छपराची सपाट पाटी खाली ठेवली होती. नराला असा दगड लागतो, तो मिळेपर्यंत तो तिला फिरवत राहतो. व्लास्ताबाई दारापाशी न थांबता आत आल्या आणि पेटीपाशी वाकल्या. नर पाटीवर थांबला, तिला पुढे ओढलं, आणि झालं. दोघं वेगळे झाले. मी व्लास्ताबाईंना विचारलं, कसं वाटलं? त्या म्हणाल्या, "लग्नाआधी आम्ही रविवारी नाचायला जायचो. त्याला ताल नव्हता, पण हात घट्ट धरायचा." आणि रुमाल शोधायला लागल्या.

यानंतर जे झालं ते त्यांनी केलं नसतं तरी चाललं असतं. हीनेकने कुणाला काही सांगितलं नव्हतं, मी सांगणार नव्हतो. पण शरदातल्या बैठकीत, बियरखान्याच्या मागच्या खोलीत, सगळ्यांसमोर व्लास्ताबाई उभ्या राहिल्या आणि ईवोने काय केलं ते सांगून टाकलं. मादी, कापूस, दुसऱ्याच विंचवाचा देह, सगळं. आवाज चढवला नाही की रडल्या नाहीत. मुलगा राडिम ब्रनोहून त्यांना न्यायला आला होता. तो दारातच उभा होता, त्यानेही ऐकलं.

"आई! बाबा गेलेत. आता ते उत्तर द्यायला आहेत का?"

"नाहीत. म्हणून मी देतेय."

"कुणी विचारलं होतं तुला?"

"कुणीच नाही," त्या म्हणाल्या. "बारा-तेरा वर्षं तो माणूस डोंगरात वेडा म्हणून राहिला. इथे बसलेल्या प्रत्येकाने त्याला वेडा म्हटलंय."

झ्बिनेकने ग्लास खाली ठेवला. "पण मेलेल्या माणसाबद्दल असं—"

"तुला तुझा नर मेल्याचं सांगायला किती महिने लागले झ्बिनेक? मला नवऱ्याचं सांगायला जरा जास्त लागले. गप्प बस."

इलोना उठून गेली. तिला विंचवांचं सगळं ईवोने शिकवलं होतं. तिच्या वडिलांच्या जागी होता तो. महिन्याभराने तिने माझ्या हातून दोन्ही माद्या पाठवून दिल्या. जनावरांचा काही दोष नाही, म्हणाली, पण मी आता येणार नाही. ती आली नाही. व्लास्ताबाई दर नाताळात तिला कोलाचे पाठवत राहिल्या. डबा रिकामा, धुतलेला परत यायचा, सोबत शब्द नसायचा. राडिम नाताळपर्यंत आईशी बोलला नाही. मग बोलला, पण मागच्या खोलीचा विषय त्याने कायमचा सोडला.

हीनेकचा मात्र फोन आला. त्याला झ्बिनेकने जाऊन सांगितलं होतं.

"कशाला बोललीस?" तो म्हणाला. "मला काय मिळालं त्यातून? लोक आता मला बिचारा म्हणतील."

"तुझ्यासाठी नाही बोलले."

"मग?"

"मला त्याच्या कबरीवर जायचं असतं. मनात एवढं ठेवून तिथे फुलं ठेवता येत नव्हती. आता जाते. भांडते, फुलं ठेवते, परत येते."

त्या हिवाळ्यात ती म्हातारी मादी हीनेककडेच मेली. त्याच दिवशी त्याने कळवलं. जुन्या गिरणीपाशी बर्चच्या झाडाखाली पुरली, एवढंच सांगितलं.

नराजवळ ठेवलेली लेक पोटुशी राहिली. वसंतात हीनेकला डोळ्यांचं ऑपरेशन करायचं होतं, म्हणून तिला व्लास्ताबाईंकडे आणली. कुशीच्या ताणलेल्या कातडीतून पांढरे ठिपके दिसायला लागले तेव्हा त्यांनी खोलीबाहेर चपलासुद्धा हातात घेऊन चालायला सुरुवात केली. पिल्लं झाली ती शरदात, भर दुपारी, भातासारखी पांढरी, आईच्या पाठीवर एकावर एक चढलेली. पण दुसऱ्याच दिवशी वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्याने न्हाणीघराच्या फरशा फोडायला घेतल्या. भिंती हादरल्या. मादी घाबरली आणि पाठीवरून एकेक पिल्लू उचलून खाऊ लागली. व्लास्ताबाई वर धावल्या, त्या माणसाच्या हातातलं यंत्र धरून थांबल्या, पण निम्मी तोवर गेली होती.

त्या संध्याकाळी त्यांनी एकेकाला फोन केला. सगळ्यांना तेच वाक्य. "पिल्लं झाली. निम्मी आईने खाल्ली. मी शेजाऱ्याला आधी सांगून ठेवायला हवं होतं, सुचलं नाही." लाइपझिगच्या बाईने त्यांची समजूत घालायचा प्रयत्न केला, तर म्हणाल्या, "समजूत नको. तुझ्या घरी काम निघालं तर शेजाऱ्यांना आधी सांग, एवढं लक्षात ठेव."

उरलेली पिल्लं जगली. पहिल्या काती टाकल्या, काळवंडली, आणि व्लास्ताबाईंनी ती वाटली. पहिली हीनेकला. मग ज्यांच्याकडे काही नव्हतं त्यांना: व्रोत्सुआवला एक तरुण शिक्षिका, ग्राट्सला एक बेकरीवाला, झ्बिनेकला दोन. झ्बिनेकला दिली म्हणून काहींनी नाकं मुरडली. "तो आता खोटं बोलणार नाही," व्लास्ताबाई म्हणाल्या, "त्याचं काय झालं ते सगळ्यांना माहीत आहे." ती पिल्लं वयात यायला वर्षं गेली. दरम्यान दुसऱ्या माद्या व्याल्या, काही व्याल्याच नाहीत, एका घराला खरोखरच आग लागली, जर्मन जोडप्याने घटस्फोट घेतला आणि विंचवांची वाटणी व्लास्ताबाईंनीच फोनवरून करून दिली. आज चपटे नऊ गावांत आहेत. फार नाहीत. पण आहेत.

व्लास्ताबाई गेल्या त्या मागच्या मे महिन्यात. पोटात गाठ निघाली, उशिरा कळलं. दवाखान्यात मी भेटायला गेलो तर उशाशी फोन होता आणि चेहरा पिवळा पडला होता. "त्या व्रोत्सुआवच्या पोरीला सांग," त्या म्हणाल्या, "नराला अजून सोडू नकोस म्हणावं. मादीने नुकती कात टाकलीय, अंग मऊ आहे. घाई करते ती." मग डोळे मिटले. मला वाटलं झोपल्या. "आणि इलोनाला यंदा कोलाचे कोण करणार?" त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मी विकत आणून पाठवीन. "विकतचे नकोत," त्या म्हणाल्या. मी त्या रविवारी आयुष्यात पहिल्यांदा कणीक तिंबली. करपलेच. तरी पाठवले.

अंत्यविधीला आम्ही सगळे होतो. इलोनाही आली, शेवटच्या रांगेत उभी राहिली. हीनेक ओर्साग डोंगरातून बस बदलत बदलत आला होता, ऐंशीच्या पुढचा, जुना काळा कोट घालून. जेवणाला माझ्यासमोर बसला, गुलाश पूर्ण खाल्ला, पावाने ताट पुसलं. राडिम प्रत्येकाला भेटत होता, तो त्याच्याजवळ आला. म्हाताऱ्याने उठून त्याचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

सगळे निघायला लागले तेव्हा हीनेकने माझी बाही धरली.

"गेल्या आठवड्यात नर सोडला होता," तो हळूच म्हणाला. "पाटीवर घेतलं त्याने. पुढच्या शरदापर्यंत पिल्लं होतील, झाली तर."

"छान झालं," मी म्हणालो.

"छान ते ठीक," म्हातारा म्हणाला, आणि टोपी हातात फिरवत उभा राहिला. "पण आता कळवायचं कुणाला?"

मी खिशातून पेन काढलं. कागद मिळेना, म्हणून टेबलावरच्या कागदी रुमालावर माझा नंबर लिहिला, त्याच्या डोळ्यांना दिसेल एवढा मोठा. त्याने तो वाचून पाहिला, घडी करून कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि बसच्या थांब्याकडे चालायला लागला.